बाटलीतला धूर

दगडी बाकं, मातीचा ओटा, केळीच्या बागेतून टेकडीवर जाणारी पायवाट आणि भरीत ठेचायचं लाकडी भांडं. हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलंय, कुणी शिकवलं नाही. सावद्याला आलेल्या पाहुण्यांना मी आधी टेकडीवरून सातपुडा दाखवतो, मग कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खाऊ घालतो.

आज दुपारी नव्या हॉटेलच्या मालकानं जेवायला बोलावलं. आत वांगी गॅसवर भाजत होती.

"शेठ, काड्या कुठंयत?"

त्यानं कपाटातून धुराच्या अर्काची बाटली काढली आणि भरितात दोन थेंब टाकले. "या काय भाऊ, इथं आहेत तुमच्या काड्या."

मी चव घेतली. वास हुबेहूब होता, हे कबूल करतो. शेजारच्या टेबलावर पुण्याच्या एक बाई मुलीला सांगत होत्या, "बघ, हे खरं खानदेशी भरीत."

पुढचा घास मला घेववला नाही.

उद्या हेच पाहुणे माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "काका, धुराचा वास जरा कमी वाटतोय," तर काय उत्तर द्यायचं? तुम्हीच सांगा.

मालकाला दाराशी चुलीपुढचा माझा फोटो लावायचा होता. महिन्याला पंधरा हजार देतो म्हणाला. मी नाही म्हणून आलो.