सुरीबाईंची धार

सुरीबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात तिखट बाई. शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं काचपट्ट्या रंगवत मी ते सोसलंय! त्यांचं काम एकच: मेणात बसवलेल्या मेंदूच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे. अल्झायमरमध्ये मज्जातंतू कशाने खराब होतात, कोणतं प्रथिन तिथे साचतं, ते आमचे डॉक्टर त्या कापांवर शोधत. शिंक आली तरी बाई आधी काप पुरा करणार, मग शिंकणार.

एकदा मात्र घोटाळा झालाच. तुकडा मेणात आडवा बसवायचा, तो त्यांनी उभा बसवला. एरवी तंतूंची कापलेली टोकं, नुसते ठिपके दिसायचे. या वेळी अख्खे तंतू लांबच्या लांब दिसले. आणि त्यांवर जागोजागी फुगलेल्या गाठी, माझ्या रंगाने तपकिरी झालेल्या प्रथिनाने गच्च भरलेल्या.

डॉक्टर वैतागले. "तुकडा चुकीचा, वर सुरी बोथट. गाठी कसल्या, तंतू चुरगळलेत सगळे! उद्यापासून काप दुसरं कोणीतरी काढेल."

झालं! बाईंचा पारा चढला. "तुकडा चुकला, कबूल. पण माझ्या सुरीला नावं ठेवायची नाहीत! बोथट सुरी निरोगी मेंदूला काय सोडणार आहे? द्या वीस तुकडे, निरोगी-आजारी मिसळून, नावं झाकून. सगळे उभे कापते, याच सुरीने. निरोगी तुकड्यात एक जरी गाठ दिसली, तर मी स्वतःच सुरी खाली ठेवीन."

बावीस वर्षांची नोकरी पणाला! मी म्हटलं, "बाई, जरा सबुरीनं."

"तू रंग कालव," म्हणाल्या.

तीन दिवसांनी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. "गाठी आहेत", "नाहीत" असं एकेक सांगत गेले, मी लिहून घेत होते. विसावी पट्टी झाली, नावांवरचे कागद काढले. निरोगी आठ, आठही स्वच्छ. आजारी बारा, बाराही गाठींनी भरलेले. म्हणजे तंतू खरोखरच तुंबत होते, आणि आम्ही इतकी वर्षं आडवं कापून तेच हरवत होतो.

डॉक्टरांनी एक पट्टी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिली. मग म्हणाले, "बाई, आता सगळे तुकडे उभेच बसवा."

"बसवते. आधी सुरीला बोललात ते मागे घ्या."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "सुरीला धार होती, बाई. नजर माझीच बोथट."

बाईंचे डोळे भरून आले. मी टेबल बडवत ओरडलेच, "जिंकलात हो बाई, जिंकलात!"