नाक्यावरचा मंद दिवा

काल गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पिंजौरहून परततानाची ती संध्याकाळ आठवली. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते. जवानांच्या तपासणी नाक्यावर, आत कोण आहे ते दिसावं म्हणून, हेडलाइट बंद करून गाडीतला दिवा लावायचा, हे आम्हा मुलांनाही पाठ होतं.

मनीमाजऱ्याच्या नाक्यावर बाबांनी आतला दिवा लावला, तर तो जेमतेम लालसर पेटला.

"बॅटरी चार्ज होत नाहीये वाटतं," बाबा पुटपुटले. इंजिनाचा वेग वाढवला की दिवा उजळतो का, हे पाहायला त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. दिवा तसाच राहिला, पण जवानाला वाटलं आम्ही पळतोय. त्याने रायफल रोखली.

"इंजन बंद कर!"

बाबांचा हात किल्लीकडे गेला. वर्गातही तोंड न उघडणारी मी खिडकीतून म्हणाले, "भैया, बॅटरी खराब है. बंद किया तो फिर चलेगी नहीं."

तो वाकून माझ्याकडे पाहत राहिला. मग रायफल खाली आली. "बंद तो करो जी. धक्का हम लगा देंगे."

मागच्या काचेतून मी त्याला गाडी ढकलताना पाहिलं. तेव्हा तो मला केवढा मोठा माणूस वाटला होता. आज आठवतो तो विशीतला, आमच्याइतकाच घाबरलेला पोरगा.