स्टो पिवळा पडतो तेव्हा

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्याच्या मापात डोकावून बघायची, भाजीवाल्याच्या तागडीखाली वाकून बघायची मला लहानपणापासूनची खोड. अलिबागच्या ज्या हायस्कुलात माझे वडील शिपाई होते, तिथंच मी मॅट्रिकपर्यंत शिकले. विज्ञानाच्या मास्तरांना माझा हा स्वभाव फार आवडायचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही मुलगी काही मानायची नाही, असं ते वर्गात सांगायचे. मला ते कौतुक वाटायचं आणि मी आणखी चेकाळायची.

लग्न होऊन मी उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात आले. घरचं मिठागर होतं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावात वीज यायला अजून बराच अवकाश होता. घरात सासूबाई, मी, माझी वर्षाची मुलगी आणि माझी थोरली जाऊ. थोरले दीर तापानं गेले होते. जावेला मूलबाळ नव्हतं. आगरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायचं काम ती करायची, आणि संध्याकाळी ती घरी आली की माझी मुलगी तिच्या मांडीवरून उतरायला तयार नसायची. माझ्या नवऱ्याची नोकरी मुंबईच्या गोदीत होती. तो शनिवारी लाँचनं यायचा आणि सोमवारी सकाळी जायचा.

एका शनिवारी त्यानं पितळी स्टो आणला. सासूबाईंचा जन्म चुलीच्या पिवळ्या, धुरकट जाळापुढे गेलेला. ही निळी, फरफर आवाज करणारी ज्योत त्यांना परक्या माणसासारखी वाटायची. दोन दिवस त्या लांबूनच बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चहा पटकन झाला तेव्हा स्टो घरचा झाला.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की ही निळी ज्योत मधेच पिवळीधमक होते आणि थोड्या वेळानं पुन्हा निळी. मी आधी दुकानदारावर संशय घेतला. रॉकेलमध्ये नक्की काहीतरी मिसळत असणार. मग नवऱ्यावर घेतला. कुणीतरी जुना स्टो पॉलिश करून त्याच्या गळ्यात मारला असणार, आणि हा भोळा सांब घेऊन आला असणार. मी पिन मारून पाहिली, बर्नर राखेनं घासून पाहिला. ज्योत दिवसभर निळी राहायची आणि संध्याकाळी पिवळी पडायची.

संध्याकाळीच का, हे मला कळलं नाही. सासूबाईंनी ते ओळखलं.

"ती आयली का जोत पिवली होते," त्या मला हळूच म्हणाल्या. "मोठी. बग तू उद्या."

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी जाऊ आगरातून आली, दारात पदर झटकला, आत येऊन स्टोजवळ चहाला टेकली आणि ज्योत पिवळी झाली. ती हात धुवायला मागे गेली तशी निळी झाली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी शिकलेली म्हणून हसून सोडून द्यायला हवं होतं. मी हसलेही, पण मनात पाल चुकचुकलीच.

त्याच सुमारास मुलीचे डोळे पिवळे दिसायला लागले. पेणच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली. पाणी उकळून द्या, पातळ पेज द्या, घाबरू नका, म्हणाले. सासूबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मला कोपऱ्यात ओढलं.

"जोत पिवली, पोरीचं डोलं पिवलं. आता आनखी काय सांगू तुना?"

त्यांनी मीठ-मोहरी घेतली, मुलीवरून ओवाळली आणि चुलीत टाकली. मीठ तडतडलं. आमच्याकडे दृष्ट अशीच काढतात. तडतड जितकी जास्त, तितकी नजर कडक. त्या संध्याकाळी जाऊ नेहमीप्रमाणे आली, मुलीनं हात पुढे केले, जावेनं तिला मांडीवर घेतलं. मी स्टोकडे पाहिलं. ज्योत पिवळी होती. मी उठले आणि मुलीला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. मुलगी रडली. जाऊ रिकामी मांडी तशीच ठेवून बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं पाय जवळ घेतले.

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात येईनाशी झाली. चहा पडवीत घ्यायची. सासूबाईंनी तर पुढचंही ठरवून टाकलं. येत्या रविवारी माझ्या नवऱ्यानं तिला माणगावकडे, तिच्या भावाच्या घरी पोचवून यायचं. भावाला सहा मुलं, दोन खोल्या. त्याची बायको हिला एक महिनाही ठेवणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथून ती कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मला तेव्हा माझ्या मुलीच्या डोळ्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी मी मुलीची पेज स्टोवर ठेवली होती. पेज उतू गेली, बर्नरवर सांडली आणि ज्योत भडक पिवळी झाली. जाऊ तेव्हा आगरात होती, घरापासून मैलभर लांब.

मी तिथंच बसले. पेजेत काय होतं? तांदूळ, पाणी आणि मीठ. मी डब्यातलं चिमूटभर मीठ घेऊन ज्योतीवर सोडलं. पिवळी. पुन्हा सोडलं. पुन्हा पिवळी.

आता मात्र माझी मलाच चीड आली. शाळेत मास्तरांनी हाच प्रयोग करून दाखवला होता. स्पिरिटच्या दिव्यात तारेवरची पांढरी पूड धरली होती आणि ज्योत अशीच पिवळी झाली होती. परीक्षेत मी उत्तर लिहिलं होतं, 'सोडियममुळे'. सोडियम म्हणजे काचेच्या बाटलीत रॉकेलखाली बुडवून ठेवलेली, कपाटात कुलूपबंद असलेली काहीतरी भयंकर वस्तू, अशी माझी समजूत. ज्या घरात ते पोत्यांनी पडलेलं असतं त्या घरात मी सून म्हणून आले होते आणि मला ते ओळखू आलं नव्हतं.

माझ्याकडे झुंबराचा एक तुटका लोलक होता. शाळा सोडताना मास्तरांनीच दिलेला. तो मी ट्रंकेतून काढला, खिडकी लावून घेतली, कंदील पेटवला. लोलकातून कंदिलाची ज्योत पाहिली तर ती तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलेली. डोळ्यांना नुसती पिवळी दिसणारी ज्योत, पण तिच्यात सगळे रंग होते. मग स्टोवर मीठ टाकून पाहिलं. इथं पिवळा रंग पसरेना. एकटाच, लख्ख, जागच्या जागी उभा. कंदिलात काजळीचे कण तापून उजळतात, म्हणून त्यात सगळं असतं. मिठातल्या सोडियमचं तसं नाही. आच लागली की त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली उतरताना ती शक्ती प्रकाश म्हणून टाकून देतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला. मास्तर म्हणायचे, डोळ्यांना दिसतो तो प्रकाश म्हणजे एका मोठ्या घराण्यातली थोडीशी भावंडं. स्टोजवळ हाताला लागणारी ऊब, रेडिओच्या लहरी, हाडांचे फोटो काढणारे क्ष-किरण हे सगळे त्यांचेच सख्खे. ते मला दिसत नव्हते म्हणून मी कधी त्यांच्यावर संशय घेतला नव्हता. जाऊ दिसत होती.

मी सासूबाईंना हाक मारली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर ज्योतीवर मीठ सोडलं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "मीठ टाकला का दिष्ट दिसतेच. त्यासाठीच टाकतात."

ज्या मिठानं मी जावेला सोडवायला निघाले, त्याच मिठानं त्या तिला धरून ठेवत होत्या. मी विचार केला आणि म्हणाले, "आई, सकाळी तुम्ही मिठाच्या राशीवर गेला होतात ना? जरा इथं पदर झटका."

"कशाला?"

"झटका तर."

त्यांनी कुरकुरत पदर झटकला. ज्योत पिवळी झाली. सासूबाई मागे सरकल्या. पदराचं टोक हातात धरून त्या ज्योतीकडे बघत राहिल्या.

"म्हंजे माजी पन लागली पोरीला?" त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"कुणाचीच नाही लागली, आई. तुमच्या लुगड्याला मीठ आहे, त्यांच्याही लुगड्याला मीठ आहे. ते हवेत उडतं आणि ज्योतीत तापून पिवळं उजळतं. तेवढंच."

त्या खाली बसल्या आणि रडल्या. नातीसाठी रडल्या की सुनेसाठी, ते मी विचारलं नाही. रविवारचं जाणं मात्र तिथंच रद्द झालं.

संध्याकाळी जाऊ आली आणि सवयीनं पडवीत बसली. "ताई, आत या," मी म्हटलं. ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. सासूबाईंनी मुलीला उचलून तिच्यासमोर धरलं. मुलीचे डोळे आता बरेच निवळले होते. मी धडाधडा सगळं सांगून टाकलं: पेज, मीठ, लोलक, शाळेतला प्रयोग. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्ये तुज्या शालेत दाखवला होता?"

"हो."

"मंग तू पोरीला माज्या मांडीवरनं का उचललीस?"

सासूबाईंना ती हे विचारू शकली असती, पण तिनं मला विचारलं. उत्तर एकच होतं. हिची नजर माझ्या मुलीला लागली, असं मला खरोखरच वाटलं होतं.

तिनं मुलीला घेतलं नाही. आधी मागे मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले, लुगडं बदललं, आणि मग येऊन तिला मांडीवर घेतलं. मुलगी लगेच तिच्या कुशीत शिरली. मला वाटलं, झालं, मिटलं. दुसऱ्या दिवशीही तिनं तसंच केलं, तिसऱ्याही.

दोन वर्षांनी श्रावणात मला मुलगा झाला. आगर बंद होऊन दोन महिने उलटले होते, मिठाच्या राशी झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या आणि बाहेर धो धो पाऊस. मी बाळाला तिच्याकडे द्यायला हात पुढे केले, तर ती उठून मोरीकडे गेली.

"ताई," मी म्हटलं, "आता कुठलं आलंय मीठ?"

"असूंदे," ती म्हणाली. परत येऊन तिनं दोन्ही ओले हात माझ्यासमोर धरले, आधी तळवे आणि मग उलटे करून. "तू बगून घे."