चाकामागचा दगड

तोरणमाळच्या घाटात आज जळक्या क्लचचा वास आला आणि बाबांची जुनी गाडी आठवली.

आम्ही कळसाडीची माणसं, सपाट रस्त्याची. तेव्हा शाळकरी मी बाबांशेजारी बसले होते. याच चढावर वरून येणारी एक जीप आम्हाला पाहून कडेला थांबली. चालक हाताने 'या, या' म्हणत होता. बाबांनी गाडी तिथेच रोखली, अर्ध्या क्लचवर धरून ठेवली.

"हाऊ काबर थांबना? काच वर कर," म्हणत, हा का थांबला या संशयाने त्यांनी घड्याळावर बाही ओढली.

चालक उतरला. मोठा दगड उचलून आमच्याकडे येऊ लागला. मी काच शेवटपर्यंत वर केली. तो खिडकीवरून पुढे गेला, वाकला आणि दगड आमच्या मागच्या चाकामागे लावला. गाडी मागे सरकत होती, आम्हाला पत्ताच नव्हता.

"घाटात चढणाऱ्याला पहिली वाट, काका. निघा, दगड मी उचलतो."

बाबांनी मान हलवली. काच मात्र घाट संपेपर्यंत वरच होती.

आज उतरताना मी चढणाऱ्या गाडीसाठी माझी गाडी थांबवली, 'या' म्हणून हात केला. ती मागे घसरू लागली, म्हणून धावत जाऊन दगड उचलला. आतल्या माणसाने घाईघाईने काच वर केली.