गुडघ्यावरची थाप

धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांचं नाव मी विचारलंच नाही. लक्षात राहिली ती त्यांची थाप.

जुलाबांनी खंगलेल्या माझ्या अक्काला आम्ही पारोळ्याकडून तिथं आणलं होतं. तिची बोटं आखडून चोचीसारखी झाली होती आणि कॅल्शियम टोचूनही सुटत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या गालावर बोटानं टकटक केलं, तसा तिचा ओठ फडफडला. त्यांनी लगेच मॅग्नेशियमचं औषध मागवलं. गावात पोट साफ करायला घेतात त्याच मिठाचं नाव ऐकून आमचे वडील, नाना, उसळलेच.

"डाक्टरसाहेब, जुलाबमुयेच पोरनी हाई गत व्हयनी, नि तुम्ही जुलाबनंच मीठ टोची राह्यनात?"

डॉक्टर रागावले नाहीत. "बाबा, पोटात गेलं तर जुलाबच होतात. पण हिच्या रक्तातलं तेच वाहून गेलंय, म्हणून टोचतोय. किती कमी झालंय ते मोजायची सोय इथं नाही. अंदाजानं देतोय, म्हणून इथून उठणार नाही."

आणि स्टूल ओढून ते खरंच बसले. दर सुईआधी तळहाताच्या कडेनं अक्काच्या गुडघ्याखाली थाप मारायचे. पाय उडाला तरच पुढची सुई. "औषध जास्त झालं, तर आधी गुडघा गप्प होतो," म्हणाले. मागवलेला चहा खिडकीत तसाच गार झाला. संध्याकाळी अक्कानं बोटं सरळ केली आणि नानांचा हात धरला.

पुढं घरात कुणीही आजारी पडलं, की नाना आधी त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. आम्ही हसायचो. मग ते पाट ओढून उशाशी बसायचे, आणि माणूस बरा होईपर्यंत हलायचे नाहीत.