राखलेला कागद

सरांचं शेवटचं चित्र मी बिघडवलं होतं.

ते आता नाहीत. म्हणून आज लिहिते.

सर म्हणजे रोह्यातले ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. माझ्या मामाचे शेजारी. मी पेणची, घरचा गणपतींचा कारखाना. नव्वदच्या दशकात कॉलेजसाठी मामाकडे राहायचे.

रोह्यातले जुने लोक सरांच्या ज्यू समाजाला शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. सरांच्या घरी घाणा कधीच राहिला नव्हता. शनिवार राहिला होता.

शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ सुरू. मग ब्रश नाही, रंगपेटी नाही, सामान उचलणंसुद्धा नाही. ते मी उचलायचे. त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

सर फक्त सूर्यास्त काढायचे.

चाळीस वर्षं. तीच कुंडलिका, तोच डोंगर, तोच पूल.

मी तेव्हा साहित्य शिकत होते आणि मला सगळं कळत होतं. मी त्यांना म्हटलं, सर, सूर्यास्त शिळा झालाय. कॅलेंडरवर आहे, ट्रकच्या मागे आहे, सलूनच्या भिंतीवर आहे.

ते पाण्यात ब्रश हलवत राहिले.

"शिळा हाय तर मान वर करून बघतेस कशाला?"

मी खरंच बघत होते.

मग त्यांचं जायचं ठरलं. बहीण आणि भाची आधीच इस्रायलला गेल्या होत्या. रविवारी विमान. परत येणं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

सगळी चित्रं त्यांनी वाटून टाकली. बरोबर एकच न्यायचं, नवीन काढलेलं. शेवटच्या आठवड्यातलं.

त्या आठवड्यात सूर्य दिसलाच नाही.

गणपती होऊन गेले होते, पाऊस जाता जाता रेंगाळला होता. सर रोज नदीवर जाऊन बसत. रोज कोरा कागद घेऊन परत येत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.

शुक्रवारी साडेपाचला ढग खालून फाटले.

मी त्यानंतर बरेच समुद्र पाहिले. तसं पुन्हा पाहिलं नाही.

आधी पाणी तांबूस झालं. मग पुलाचे खांब. मग पुलावरून एक एसटी गेली आणि खिडक्यांमधले सगळे चेहरे एका रंगाचे होते. डोंगर जवळ आल्यासारखा वाटला. 

घाटावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. एक जण दुसरीला म्हणाली, "रोजचाच हाय. तरी बघ गो."

सर भराभर काम करत होते. आकाश, पाणी, डोंगराची कड.

सूर्य डोंगराला टेकायला बोटभर राहिला तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला. हात मांडीवर घेतले. आणि तो पूर्ण जाईपर्यंत नुसते बघत राहिले.

कागदावर सूर्याच्या जागी पांढरा गोल होता.

मला वाटलं, एका फटकाऱ्याचं काम होतं आणि वेळ संपली.

सर उठून घरी गेले. मी सामान उचललं.

चित्र पेणला न्यायचं आधीच ठरलं होतं. आमचे बाबा ते दोन प्लायवूडमध्ये बांधून देणार होते. रविवारी सकाळी सरांची गाडी मुंबईला जाताना पेणच्या रामवाडीला थांबणार, मी तिथे द्यायचं.

शनिवारी दुपारी बाबांनी चित्र हातात धरलं.

"सूर्य कुठाय?"

मी शब्बाथचं सांगितलं. बाबांना ते पटलं. पण चित्र त्यांनी खाली ठेवलं नाही. आमच्याकडे मूर्तीचे डोळे शेवटी आखतात. डोळे आखल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी नाही.

"असाच पाठवणार मास्तरला? एवढ्या लांब?"

सिझनचा उरलेला फ्लोरोसंट केशरी डब्यात होता. आखणीचा बारीक ब्रश होता. माझा हात लहानपणापासून तयार.

मी सूर्य काढला.

सुरेख गोल आला. बाबा म्हणाले, "आता तो बघतोय."

रविवारी रामवाडीला गाडी थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही. सरांनी प्लायवूड उघडायला लावलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी शाबासकीची वाट पाहत होते.

"कागद राखला होता गो मी."

मला समजलं नाही. त्यांनी हळूच सांगितलं. वर्गात सांगत असतील तसं.

"पाण्याच्या रंगात उजेड रंगवायचा नसतो. बाकीचं सगळं रंगवायचं. उजेड कागदाचा."

चित्र शुक्रवारीच पूर्ण झालं होतं.

मी काहीतरी बोलायला गेले. तो रंग धुऊन निघणारा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. सरांनी प्लायवूड मिटलं, मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघून थोडं हसले.

"पेणवाले. डोळे आखल्याबिगर सोडणार नाय तुम्ही."

गाडी गेली.

त्यानंतर पत्रं आली, मग फोन आले. चित्राचा विषय त्यांनी काढला नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही. तीस वर्षं.

आज सकाळी त्यांच्या भाचीचा मेसेज आला. काल दुपारी गेले, झोपेत. खाली एक फोटो होता. त्यांची खाट, आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र. तिने लिहिलंय, मामा दर शुक्रवारी संध्याकाळी खुर्ची त्याच्याकडे वळवून बसायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, आकाश माझं, सूर्य पेणचा.

मी फोटो मोठा करून पाहिला.

आमच्या कारखान्यातले रंग दीड दिवस टिकायचे असतात. फार तर अकरा. पुढे पाणीच आहे, म्हणून त्याहून जास्त कोणी मागत नाही.

माझा केशरी उडून गेलाय. कडेला पुसटशी पिवळी रेघ, तेवढीच.

आकाश तसंच आहे. पाणी तसंच आहे. आणि मध्ये कागद परत आलाय. पांढरा. त्या शुक्रवारी होता तेवढाच लख्ख.

आज शुक्रवार आहे. मी रोह्याला निघालेय. नदीवर बसेन. हातात काही नेणार नाही.

सर, तुम्हाला मनापासून निरोप.