डब्यातले सत्तेचाळीस चष्मे

त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेल्यावर नंबरकाकांनी वेदीपुढच्या पत्र्याच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यात चष्मे होते. काड्या एकमेकींत अडकलेल्या, काचांवर काचा घासलेल्या, बाजारातल्या मुळ्यांसारखे एकावर एक टाकलेले. त्यांनी मोजले, सत्तेचाळीस भरले. त्यातला प्रत्येक चष्मा त्यांच्या हातचा होता.

आणि त्या चष्म्यांच्या मधोमध डोळ्यांत घालायच्या थेंबांची, पांढऱ्या टोपणाची एक इवलीशी बाटली होती. ती त्यांच्या बायकोची. सकाळी ती म्हणाली होती, "आज थेंब माझी मीच घालते." तेव्हा त्यांना नवल वाटलं होतं.

आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी दिवस जाहीर केला होता. आजपासून चाळिसावा दिवस, गुरुवार. त्या दिवशी रणशिंग वाजेल, प्रभू मेघांवर येईल आणि त्याची माणसं नव्या देहाने उभी राहतील. मग या जुन्या देहाच्या कुबड्या कशाला? चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, काठी, जे काही असेल ते वेदीपुढे आणून ठेवा. नव्या देहाची खात्री आहे ना? मग दाखवा. बोलता बोलता त्यांनी स्वतःचा चष्मा काढून डब्यात टाकला होता. मायनस सात. त्यानंतर पायऱ्या उतरायलाही त्यांना कुणाचा तरी हात धरावा लागला.

नंबरकाकांना खरं नाव होतं, पण मंडळीत ते कुणी घेत नसे. एकतीस वर्षं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दारात माणूस दिसला की नावाआधी त्यांना त्याचा नंबर आठवे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढे काचेचं कपाट, भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मागे पडद्याआड काचेची कड घासायचं चाक आणि त्यावर पाणी ठिबकवणारी एक नळी. सकाळी पहिली काच चाकाला लावण्याआधी ते डोळे मिटून एवढंच म्हणत, "प्रभो, आज आलास तर मी इथेच आहे." त्यांचा विश्वास तो एवढाच आणि तेवढा पक्का. तो येणार, आणि येईल तेव्हा आपण हातातल्या कामावर असावं. मंडळीसमोर उभं राहून साक्ष देणं मात्र त्यांना जन्मात जमलं नव्हतं. उठून उभे राहिले की घसा कोरडा पडे आणि ते खोकून खाली बसत.

त्या दिवशीही ते खोकून खाली बसले. घरी येईपर्यंत दातओठ खात राहिले.

"ती बाटली मी काढून आणतो," ते म्हणाले.

"आणा की. मी डोळा उघडणार नाही."

"अगं, मोतीबिंदू नाही हा, काढला की झालं! काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. डावा अर्धा गेलाय, उजवा कसाबसा धरून ठेवलाय. महिनाभर थेंब पडले नाहीत तर..."

"अकरा वर्षं तुम्ही धरून ठेवलात. आता ज्याने दिलाय त्याला धरू द्या."

"ते थेंबही त्यानेच दिलेत!"

"आवाज चढवू नका. तुमच्या विश्वासालाही नंबर लागलाय. जवळचं तेवढं दिसतं, लांबचं दिसत नाही."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, अकरा वर्षं मी रोज थोडी थोडी आंधळी होतेय. मला एकदाच, पुरतं दिसायला हवंय. एवढंच मागणं आहे माझं."

ते ऐकून त्यांचा राग आणखी वाढला.

अकरा वर्षं सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ ही वेळ त्यांनी चुकवली नव्हती. स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर ती मान मागे टाकून बसे, ते डाव्या हाताने पापणी खाली ओढत आणि उजव्या हाताने बरोबर एक थेंब सोडत. थेंब गालावर ओघळला की ती म्हणे, "आलं बाई नळाला पाणी!" रोज तोच विनोद, आणि रोज ते हसत. आता आठ वाजले की ती खुर्ची रिकामी राही आणि ती मुद्दाम दुसऱ्या खोलीत भांडी लावत बसे.

त्यांनी नवी बाटली आणली. एका दुपारी ती झोपली होती तेव्हा टोपण काढून उशाशी जाऊन उभेही राहिले. हात पापणीपर्यंत गेला. मग त्यांना वाटलं, हा डोळा तिचा आहे. झोपेत घातलेला थेंब म्हणजे तिच्या घरात तिच्या नकळत शिरणं. त्यांनी टोपण लावलं, बाटली शर्टाच्या खिशात टाकली आणि दुकानात जाऊन चाकावर एक चांगली काच घासत बसले. घासता घासता ती इतकी बारीक केली की कुठल्याच फ्रेममध्ये बसेना.

दरम्यान मंडळीचे नुसते हाल चालले होते. दुधाच्या गाडीवाल्याने गाडी भिंतीत घातली. शाळेच्या बाई सगळ्याच मुलांना पैकीच्या पैकी गुण देऊ लागल्या. पेटी वाजवणारीने एका गीताला दुसऱ्याच गीताची चाल लावली आणि मंडळीने ती तशीच गाऊन टाकली. लोक एकमेकांवर आदळत आणि "प्रभूची स्तुती असो" म्हणून हसत. नंबरकाकांना एकदाही हसू आलं नाही.

एका सकाळी पाळकसाहेब स्वतः दुकानात आले. आत येताना काचेच्या कपाटावर आपटले.

"भाऊ, तुम्ही नाराज आहात असं कळलं."

"चुकीचं कळलं. मी चिडलोय."

"बहिणीने विश्वासाचं मोठं पाऊल उचललंय. तिला मागे ओढू नका."

"पाळकसाहेब, तिची नजर जातेय. रोज जातेय. तुमचा मायनस सात कुठे जात नाही, चष्मा घातला की पुन्हा दिसायला लागेल. तिला तसं नाही."

"त्या दिवशी सगळ्यांनाच दिसेल."

"आणि तो दिवस नसला तर?"

"प्रभू येणार नाही असं म्हणता तुम्ही?"

"येणार! तुमच्याआधीपासून वाट बघतोय मी त्याची. पण तो काय तुम्हाला कॅलेंडर विचारून निघणार आहे?"

पाळकसाहेब ओशाळले नाहीत, रागावलेही नाहीत. भुवया आक्रसून ते नंबरकाकांचा चेहरा शोधत राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." त्यांनी तिथेच प्रार्थना केली, डोळ्यांत पाणी आणून, अगदी मनापासून. नंबरकाकांना वाटलं, हा माणूस ढोंगी असता तर किती बरं झालं असतं. बखोट धरून हाकलून देता आलं असतं.

चाळिसावा दिवस उजाडला. पहाटेपासून मंडळी पांढऱ्या कपड्यांत बाकांवर बसली. नंबरकाकाही गेले. बायको जाते म्हणून गेले, आणि तो खरंच आला तर आपण नको का, म्हणूनही गेले. वाटेत तिने त्यांचा दंड धरला होता. असं ती पूर्वी धरत नसे. खिशात नवी बाटली होती. दुपार झाली. गीतं गाऊन गाऊन घसे बसले. तीन वाजले, पाच वाजले. खिडकीतलं ऊन बाकांवरून सरकत भिंतीवर चढलं आणि विझलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

साडेसातच्या सुमाराला पाळकसाहेब चाचपडत उभे राहिले. "प्रियजनहो, चूक प्रभूची नाही, माझ्या मोजणीची आहे. अजून चाळीस दिवस. डबा तसाच राहू द्या."

नंबरकाका उठले. घसा कोरडा पडला, पण या वेळी ते खोकले नाहीत. वेदीपुढे जाऊन त्यांनी डबा उचलला आणि पहिल्या बाकावर दाणकन आपटला.

"मायनस अडीच, डाव्याला पाऊण!" ते ओरडले. "दूधवाले, या इकडे. वाचवणारा वाचवेल, पण भिंतीला ब्रेक नसतो."

कुणीतरी खुदकन हसलं. दूधवाला घुटमळत आला. नंबरकाकांनी काडी सरळ केली, काच शर्टाला पुसली आणि चष्मा त्याच्या नाकावर ठेवला.

"भाऊ, हे प्रभूला दिलेलं आहे!" पाळकसाहेब म्हणाले.

"प्रभूला मायनस अडीचचं काय काम? प्लस दीड, दोन्हीला सारखा! बाई, तुमच्या वर्गातली ढ मुलं पहिली यायला लागलीत. चला."

एकेक जण येत गेला. नावाने त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते रागाचं होतं, आणि हात मात्र दुकानात चालावेत तसे चालत होते. तळाशी दोनच वस्तू उरल्या. पांढऱ्या टोपणाची बाटली त्यांनी उचलली, ती उघडून महिना उलटून गेला होता, आता तिचा उपयोग नव्हता. ती फेकली. खिशातली नवी काढली आणि बायकोच्या बाकाशी येऊन उभे राहिले.

"झोपेत घातले असते," ते म्हणाले. "नाही घातले. आता तू सांग."

ती उठली. मान वळवून उजवीकडे पाहिलं, मग समोर.

"कुठे आहात हो तुम्ही?" तिने विचारलं.

ते तिच्या डाव्या हाताला उभे होते, वीतभर अंतरावर.

नंबरकाकांनी तिचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं. मग ती खाली बसली आणि तिने मान मागे टाकली.

"घाला," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत घाला. उरलंय तेवढं तरी ठेवा."

थेंब पडला. ओघळला. तिने नळाचं नाव काढलं नाही.

मग नंबरकाका वळले. डब्यातला शेवटचा चष्मा, जाड काचांचा, त्यांनी उचलला, दोनदा पुसला आणि पाळकसाहेबांसमोर जाऊन स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर चढवला. एक काडी कानामागे, मग दुसरी.

"आता बघा," ते म्हणाले. "माझ्याकडे नको. तिच्याकडे बघा."

पाळकसाहेबांनी पाहिलं. मान फिरवायला निघाले, तेव्हा नंबरकाकांनी त्यांची हनुवटी धरली. गिऱ्हाइकाचा चष्मा नाकावर सरळ बसलाय की नाही हे बघताना धरत, तशी.